भाऊबंदकीनंतर बसवलेली घडी

नाशिकच्या अशोकस्तंभापासून निघालेला गंगापूर रोड गोदावरीच्या काठाकाठाने पश्चिमेला जातो. महाविद्यालये, दवाखाने, मंगल कार्यालये आणि नव्या इमारती ओलांडल्या की आनंदवल्ली लागते. पुढे सोमेश्वराचे देऊळ आणि धबधबा, त्यापुढे गंगापूर गाव आणि शेवटी शहराची तहान भागवणारे धरण. रविवारी संध्याकाळी या रस्त्यावर गाडी चालवणे मुश्कील होते. मात्र अठराव्या शतकात मराठी राज्य ज्या घरच्या भांडणाने दोनदा फाटले, त्या भांडणाच्या दोन्ही बाजू याच रस्त्यावर चार-पाच किलोमीटरांच्या अंतराने नांदत होत्या, याची आठवण तिथून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असते. आनंदवल्लीला रघुनाथराव आणि आनंदीबाई होत्या, गंगापूरला गोपिकाबाई. एकीकडे पेशव्यांचे काका-काकू, दुसरीकडे पेशव्यांची आई.

शाळेतल्या पुस्तकांनी आपल्याला या काळाची दोन चित्रे दिली: पानिपत आणि नारायणरावांचा खून. या दोहोंमध्ये बारा वर्षे आहेत. त्या बारा वर्षांत परकी फौज, कर्ज आणि भाऊबंदकी या तिन्हींतून एक राज्य पुन्हा उभे केले गेले, आणि त्याच प्रयत्नातून शहर कसे चालवावे याचा विचारही पुढे आला. मला हा भाग पानिपताइतकाच मोलाचा वाटतो. हरल्यावर काय केले, हे कसे हरलो याच्याइतकेच सांगितले गेले पाहिजे.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पेशवे पुण्यात पर्वतीवर वारले. थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडलेला, चुलतभाऊ सदाशिवरावभाऊही तिथेच गेलेले. २० जुलैला सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. कारभार पाहायला काका होते. रघुनाथराव तेव्हा सव्वीस वर्षांचे, अटकेपर्यंत जाऊन आलेले, फौजेत नाव असलेले. मुलाने मसनदीवर बसावे आणि राज्य आपण करावे, अशी त्यांची समजूत होती. मुलाची तशी समजूत नव्हती आणि मुलाच्या आईची तर नव्हतीच. वाईच्या रास्त्यांची लेक असलेल्या गोपिकाबाईंनी नानासाहेबांच्या काळात दरबार जवळून पाहिला होता. दिराच्या हाती कारभार गेला की मुलाच्या हाती काय उरते, याचा हिशेब त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

वर्षभरातच ठिणगी पडली. दादांनी, म्हणजे रघुनाथरावांनी, स्वतःसाठी जहागीर आणि किल्ले मागितले, माधवरावांनी नकार दिला, दादा पुण्यातून बाहेर पडले आणि त्यांनी फौज जमवली. कालपर्यंत ज्याच्याशी लढलो त्या निजामाची मदत घेण्यातही त्यांना संकोच वाटला नाही. ७ नोव्हेंबर १७६२ ला घोडनदीवर मराठा फौज मराठा फौजेशी लढली. पाच दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, आळेगावला माधवरावांची बाजू पडली. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या पेशव्याने जे केले त्याचा विचार मी अनेकदा करतो. पळून जाऊन दुसऱ्या सरदाराच्या आश्रयाने युद्ध लांबवणे शक्य होते. दादांनी स्वतः तेच केले होते. माधवराव मात्र काकांच्या गोटात चालत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. युद्ध लांबले तर राज्य दोन तुकड्यांत वाटले जाईल आणि निजाम दोन्ही तुकडे गिळील, हे त्यांनी ओळखले असावे. राज्य एकत्र ठेवण्यासाठी आपण हरणे, ही गोष्ट त्या वयात सुचणे सोपे नव्हे.

सत्ता हाती येताच दादांनी उट्टे काढायला सुरुवात केली. भवानराव प्रतिनिधींना दूर करून ते पद आपल्या तान्ह्या मुलाच्या नावे लावले आणि मुतालकी, म्हणजे त्या पदाचा प्रत्यक्ष कारभार, नारोशंकर राजेबहाद्दरांना दिली. मिरजेवर चालून जाऊन ती गोपाळराव पटवर्धनांकडून काढून घेतली. दुखावलेले पटवर्धन निजामाला जाऊन मिळाले. साताऱ्याच्या गादीभोवतीच्या कारभाराचे आमिष दाखवल्यावर नागपूरकर जानोजी भोसलेही तिकडे गेले. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामअलीची फौज पुण्यात शिरली. लोक मिळेल त्या वाटेने गडांवर पळाले. शहर लुटले गेले. ज्या घरांची खंडणी आली नाही ती पाडली किंवा जाळली गेली. पानिपतावर परमुलखात जे झाले ते आता घरच्या अंगणात झाले होते, आणि त्याचे दार घरच्याच माणसांनी उघडून दिले होते.

१० ऑगस्ट १७६३ ला गोदावरीकाठी राक्षसभुवनला या प्रकरणाचा निकाल लागला. गंगापुराजवळून वाहणारी हीच नदी, कितीतरी खाली, बीडच्या बाजूला. तिला पूर आलेला होता. निजाम काही फौजेसह पलीकडे उतरला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी अलीकडेच अडकला होता. लढाईत दादा वेढले गेले, तेव्हा त्यांना सोडवायला धावला तो त्यांचाच पुतण्या. विठ्ठल सुंदर मारला गेला, निजामाने तह केला आणि कारभाराची सूत्रे आपोआप माधवरावांच्या हाती आली.

खरी कसोटी पुढे होती. फितूर झालेल्यांचे करायचे काय? माधवरावांनी मिरज पटवर्धनांना परत केली. भवानरावांना प्रतिनिधिपद परत दिले. फडणिशी बाळाजी जनार्दन भानूंकडे, म्हणजे पुढच्या नाना फडणविसांकडे दिली. जानोजींशी आधी मिळते घेतले. ते पुन्हा पुन्हा उलटू लागले तेव्हा त्यांच्यावर स्वाऱ्या केल्या आणि १७६९ ला कनकापूरच्या तहाने त्यांना वळणावर आणले. म्हणजे जो अन्यायामुळे गेला होता त्याचा अन्याय दूर केला, आणि जो लोभाने गेला होता त्याला धाक दाखवला. दोघांना एकाच मापाने मोजले नाही. गोपाळराव पटवर्धन आणि त्यांचे घराणे पुढे कर्नाटकात म्हैसूरच्या हैदरअलीविरुद्ध पेशव्यांचा उजवा हात होऊन लढले. परत दिलेल्या मिरजेची किंमत अशी कैक पटींनी वसूल झाली.

या हिशेबात नाशिकचा वाटा मोठा आहे आणि तो दगडांत दिसतो. रामकुंडाजवळच्या ज्या देवळाची घंटा आपण नारोशंकराची घंटा म्हणून ओळखतो, ते १७४७ चे देऊळ ज्यांनी बांधले तेच हे मुतालकी मिळालेले राजेबहाद्दर. राक्षसभुवननंतर त्यांची मुतालकी गेली. गोदावरीवरच्या पुलाजवळचे सुंदरनारायणाचे देऊळ १७५६ ला गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधले. हे होळकरांचे दिवाण गंगोबा तात्या. १७६७ ला मालेराव होळकर वारल्यावर अहिल्याबाईंच्या हातून इंदूरचा कारभार काढून घ्यावा म्हणून त्यांनी दादांना बोलावले, पण अहिल्याबाई ठाम उभ्या राहिल्या आणि तो डाव फसला. पुढे पेशव्यांशी झालेल्या लढाईतही गंगोबा दादांकडेच होते आणि त्यांना कैद भोगावी लागली. नाशिकचे यात्रेकरू रोज ज्या दोन देवळांसमोरून जातात त्या दोन्हींचे कर्ते त्या भाऊबंदकीत दादांच्या बाजूला होते. देवळांवर कोणाचा राग निघाला नाही, ती आजही उभी आहेत.

१७६४ च्या सुमारास दादा पुणे सोडून नाशिकजवळच्या चावंडस गावी येऊन राहिले. नदीकाठी वाडा बांधला आणि गावाला आनंदीबाईंच्या नावावरून आनंदवल्ली म्हणू लागले. तिथल्या नवश्या गणपतीला या दांपत्याने मुलासाठी नवस केला होता, असे स्थानिक लोक सांगतात. साधारण त्याच काळात, पुण्याच्या दरबाराशी आणि मुलाशीही खटके उडाल्यावर, गोपिकाबाई गंगापूरला येऊन राहिल्या. माधवरावांनी मामांना केलेला दंड माफ करायला नकार दिला म्हणून आई रागाने निघून गेली, अशी कथा सांगतात. कथा पुरती खरी असो वा नसो, आईचा शब्द आणि राज्याचा नियम यांत मुलाने कोणता निवडला, हे लोकांच्या लक्षात राहिले एवढे तिच्यातून कळते. मायलेकांचा पत्रव्यवहार मात्र चालू राहिला. स्वारीवरून, आजारातून माधवराव आईला लिहीत राहिले.

अशा रीतीने एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या दोन जावा एकाच नदीचे पाणी पीत होत्या. आधी गंगापूरला, मग आनंदवल्लीला.

दादा आनंदवल्लीला स्वस्थ बसले नाहीत. उत्तरेच्या मोहिमेतून कर्ज घेऊन परतल्यावर त्यांनी पुन्हा राज्याच्या वाटणीचा विषय काढला. १७६७ च्या अखेरीस पुतण्या स्वतः आनंदवल्लीला आला आणि बोलणी होऊन तोडगा निघाला. मुंबईच्या इंग्रजांना या घरात फट दिसत होतीच. त्याच हिवाळ्यात त्यांनी मॉस्टिन याला पुण्याला वकील म्हणून धाडले आणि त्याचा सोबती ब्रोम नाशिकला दादांना भेटून गेला. पुढे पंधरा वर्षे चाललेल्या एका दीर्घ प्रकरणाची ती पहिली भेट. तोडगा वर्षभरही टिकला नाही. दादांनी पुन्हा फौज उभी केली आणि १० जून १७६८ ला धोडपच्या पायथ्याशी काका-पुतण्यांची गाठ पडली. चांदवडजवळच्या सातमाळा रांगेतला हा किल्ला, माथ्यावरच्या शिवलिंगासारख्या सुळक्यामुळे आणि शेजारच्या कातळभिंतीतल्या खाचेमुळे लांबूनच ओळखू येतो. दादा हरून वर चढले, पण वर कोंडून घेऊन निभणार नव्हते. ते शरण आले, त्यांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले गेले. आळेगावची भरपाई सहा वर्षांनी अशी झाली. मात्र माधवरावांनी काकांचा जीव घेतला नाही. पुढे जे घडले ते पाहता ही दया महागात पडली असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. चुलत्याच्या रक्ताने घडी बसवली असती तर ती घडी कोणाला हवीशी वाटली असती?

लढाया आणि तह यांच्या आड त्या कारकिर्दीतले दुसरे काम झाकून जाते. सरदारांना सरंजाम परत मिळाले. जळलेल्या घरांच्या धन्यांना, उजाड गावांच्या रयतेला काय मिळाले? इतिहासकार ग्रँट डफ याने नोंदवलेला एक प्रसंग इथे सांगायला हवा. वसईचे सुभेदार विसाजीपंत यांचा मौल्यवान माल गावोगावची माणसे वेठीला धरून, फुकट, डोक्यावरून वाहून नेला जात होता. शेतीचे दिवस होते. माधवरावांना हे कळले तेव्हा त्यांनी तो माल जप्त केला, ओझी वाहणाऱ्यांना बुडालेल्या कामाची भरपाई दिली आणि वेठ घेऊ नये असा ताकीदवजा हुकूम नव्याने काढला. सुभेदार म्हणजे लहान असामी नव्हे. नांगर सोडून दुसऱ्याचे पेटारे वाहणाऱ्या कुणब्याच्या दृष्टीने पानिपतचा आणि राक्षसभुवनचा अर्थ वेगळा. राज्य पुन्हा उभे राहिले की नाही हे त्याला त्या दिवशी कळले, जेव्हा डोक्यावरचे ओझे उतरले आणि हातावर पैसे पडले.

न्यायाचे काम रामशास्त्री प्रभुण्यांकडे होते, आणि पेशव्यालाही तोंडावर सुनावणारा न्यायाधीश ही त्यांची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिला तो शहराचा कारभार. जळालेले पुणे पुन्हा वसवताना जुने रस्ते आणि घरे उभी करून भागणार नव्हते. पळालेली माणसे परतत होती, फौजेमागून आलेली नवी माणसे वस्तीला येत होती, धान्याचे भाव कडाडत होते, कोणाची भिंत कोणाच्या बोळात आली यावरून तंटे होत होते. माधवरावांच्या काळात कोतवालाला नेमून दिलेल्या कामांची यादी वाचली की हा अधिकारी नुसता पोलीस नव्हता हे ध्यानात येते. पेठांतले मोठे कज्जे तोडणे, बाजारभाव ठरवणे, सरकारी कामाला मजूर पुरवणे, घरजागांच्या खरेदी-विक्रीवर लक्ष ठेवणे, रस्ते-बोळ-घरे यांच्या तक्रारींची चौकशी करणे, शहरात कोण आले आणि कोण गेले याची नोंद ठेवणे, लोकांची मोजदाद करणे. आजच्या नगरपालिकेची निम्मी खाती आणि पोलीस ठाणे त्या एका कचेरीत बसत होते.

नव्या पेठाही याच काळात वसल्या. सदाशिवरावभाऊंच्या स्मरणार्थ माधवरावांनी सदाशिव पेठ वसवली, भवानी पेठही त्यांच्याच कारकिर्दीतली. पेठ वसवायची एक ठरीव रीत होती. एखाद्याला शेटेपण-महाजनकी द्यायची, जागा आखून द्यायची आणि जो येऊन घर बांधील, दुकान घालील त्याला सुरुवातीची काही वर्षे कर माफ करायचा. उजाड गावात कुळे परत आणायला दिला जाणारा कौल तो हाच, फक्त शहरापुरता. पाण्याची सोय नानासाहेबांच्या वेळच्या कात्रजच्या नळाने झालेली होती. दगडी पाटातून, खापरी नळांतून ते पाणी शहरातल्या हौदांत यायचे. पेठा वाढल्या तसे पुढे नाना फडणविसांनी हौद वाढवले. रास्ते घराण्यातल्या आनंदरावांनी, म्हणजे गोपिकाबाईंच्या माहेरच्यांनी, वसवलेली पेठ तर आजही त्यांच्याच नावाची आहे. पानिपतानंतर तीस वर्षांच्या आत पुणे पूर्वीपेक्षा मोठे झाले होते.

अशा प्रसंगातून गेलेले आपण एकटे नव्हतो. शंभर वर्षांनंतर अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात १८६१ ते १८६५ असे घरचेच युद्ध झाले. लढाई संपल्यावर अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर जमीनदारांना सढळ हाताने माफी दिली, त्यांच्या जमिनी त्यांना परत मिळाल्या. १८७७ ला दक्षिणेतल्या राज्यांमागचा फौजेचा आधारही निघाला. वरच्यांचे समेट झाले आणि त्याची किंमत नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी पुढची कित्येक दशके चुकवली. त्याच काळात तिथली शहरे फुगली, न्यूयॉर्कमध्ये ट्वीडसारख्या राजकारण्यांनी नगराची तिजोरी लुटली, आणि मग शहर स्वच्छ कारभाराने चालावे म्हणून सुधारकांची पिढी उभी राहिली. दोन्हीकडची परिस्थिती फार वेगळी, तरी एक प्रश्न सारखा आहे: युद्धानंतर वरच्या माणसांचा समेट होतो तेव्हा खालच्या माणसाच्या पदरात काय पडते? माधवरावांचा वेठबंदीचा हुकूम म्हणूनच मला त्यांच्या कोणत्याही विजयाहून मोठा वाटतो. जातीपातीने बांधलेल्या त्या राज्यात त्या हुकुमाने सगळे काही बदलले नाही, हेही खरेच.

१८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव थेऊरला क्षयाने वारले. वय सत्तावीस. मरण दिसत असताना त्यांनी लिहून ठेवलेल्या इच्छांमध्ये राज्याचे कर्ज फेडण्याची गोष्ट होती. महादजी शिंद्यांनी त्याच वर्षाच्या आरंभी बादशहा शहाआलमला दिल्लीत पुन्हा बसवले होते. म्हणजे पानिपताचा डागही तोवर पुसला गेला होता.

आणि मग नऊ महिन्यांत सगळे पुन्हा विस्कटले. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी, माधवरावांनंतर पेशवे झालेल्या अठरा वर्षांच्या नारायणरावांना मारले. गोपिकाबाईंचा हा तिसरा मुलगा. एक पानिपतावर, एक क्षयाने, एक चुलत्याच्या दाराशी. रामशास्त्र्यांनी चौकशी करून दादांना दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. यानंतरची यादवी मी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना माहीत आहे. बारभाईंनी, म्हणजे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, नारायणरावांच्या गरोदर विधवेला, गंगाबाईंना, पुरंदरवर नेले, १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. दादा सुरतेला इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ च्या तहाने त्यांनी राज्याचे दार परक्यांना उघडून दिले. अडास, पुरंदरचा तह, वडगाव असे करीत १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते युद्ध संपले. दादांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. कोपरगावला राहायला गेलेले दादा १७८३ च्या डिसेंबरात वारले.

सालबाईनंतरची दहा-बारा वर्षे नाशिकच्या इतिहासात ठळक आहेत. नानासाहेबांनी त्र्यंबकेश्वरच्या देवळाचे काम १७५५ ला सुरू केले होते. पानिपत, आळेगाव, धोडप, बारभाई असे सगळे मध्ये येऊन गेले आणि १७८६ ला ते पुरे झाले. एकतीस वर्षे. दगड घडवणाऱ्या पाथरवटांची एक पिढी त्या कामावर म्हातारी झाली असेल. पंचवटीतल्या काळारामाच्या देवळाचे सरदार ओढेकरांनी काढलेले काम याच शांततेच्या काळात झाले. पैसा आता फौजेच्या पोटगीतून उरत होता, रस्ते वाहते होते, सिंहस्थाला लोक येत होते. गोपिकाबाईंनी हे पाहिले. नातवाने कसे वागावे, दिवस कसा घालवावा, अभ्यास काय करावा, वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे, हे त्यांनी कलमवार लिहून पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. तीन मुलगे गमावलेल्या बाईने नातवाला लिहिलेल्या त्या कलमांत रडगाणे नाही, शिस्त आहे. १७८८ ला त्या नाशिकलाच वारल्या.

या घडीत एक मोठी उणीव होती, आणि ती कोतवालीतच उघडी पडली. माधवराव किंवा रामशास्त्री डोळ्यांत तेल घालून पाहत होते तोवर कोतवालावर वचक होता. १७७७ ला घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल झाला. आता कारभार पाहणाऱ्या नाना फडणविसांचा त्याच्यावर विश्वास होता. नानांना शहराची खडानखडा बातमी लागत होती, आणि बातमी आणणाऱ्याचे हात कुठवर जातात हे पाहायला कोणी नव्हते. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला चौकीत डांबायचे, अशी शिस्त होती. ती चोरांना जशी जाचक होती तशीच गैरवापराला सोयीची होती. १७८९ ला रामशास्त्री वारले. ऑगस्ट १७९१ मध्ये कोतवालाच्या माणसांनी काही तेलंग ब्राह्मणांना पकडून एका अरुंद, बंद खोलीत कोंडले. पावसाळ्याचे दिवस, हवा नाही, पाणी नाही. मानाजी फाकडे यांनी कुलूप फोडायला लावले तेव्हा आत वीसेक माणसे गुदमरून मेलेली होती. शहर खवळले. लोकांचा जमाव नानांच्या वाड्यावर गेला, आणि अखेर घाशीरामला जमावाच्या हवाली केले गेले. ३१ ऑगस्टला लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

याच्याकडे जुलमी माणसाला मिळालेली शिक्षा म्हणून पाहिले जाते. मला त्यात कारभाराचे अपयश दिसते. चौदा वर्षे त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन जायला शहराला जागा नव्हती. ज्याने नेमले त्याच्याच दारात जायचे आणि तो ऐकेना तर दगड उचलायचे, एवढेच दोन मार्ग. भाव ठरवण्यापासून जनगणनेपर्यंत सगळी कामे कोतवालाला नेमून दिली होती. कोतवालाला जाब कोणी विचारायचा, हे कलम त्या यादीत नव्हते.

१७९३ च्या सुमारास दादांचे कुटुंब कोपरगावहून पुन्हा आनंदवल्लीला आणले गेले, या वेळी कैदी म्हणून. विधवा आनंदीबाई, मोठा मुलगा बाजीराव, धाकटा चिमाजी आणि दत्तक अमृतराव. ज्या गावाला त्यांचे नाव मिळाले होते त्याच गावी मार्च १७९४ मध्ये आनंदीबाई वारल्या. निजामाशी युद्धाची चिन्हे दिसू लागताच मुलांना शिवनेरीला हलवले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गच्चीवरून पडून गेले आणि वर्षभराच्या ओढाताणीनंतर आनंदवल्लीच्या कैदेत राहिलेला बाजीराव पेशवा झाला. त्याने मामलती दरसाल जास्त बोली लावील त्याला मक्त्याने द्यायला सुरुवात केली. बोलीचे पैसे मक्तेदार रयतेकडून काढायचे. वेठीचे ओझे माधवरावांनी एका हुकुमाने उतरवले होते. ते दुसऱ्या वाटेने पुन्हा त्याच डोक्यावर चढले, आणि या वेळी कोणाचा हुकूम आला नाही. १८०२ ला वसईचा तह झाला, १८१८ ला राज्य संपले.

नाशिकला नगरपालिका आली १८६४ ला, अमेरिकेतले ते युद्ध चालू असतानाच. यात्रेकरूंची गर्दी, पटकीच्या साथी, गटारे, दिवाबत्ती यांचा कारभार आता मंडळाकडे होता, पण मंडळ सरकारने नेमलेले आणि वर कलेक्टर. लोकांनी निवडून दिलेल्या सभासदांना तिथे खरी जागा मिळू लागली ती १८८२ च्या लॉर्ड रिपनच्या ठरावानंतर, आणि तीही कर भरणाऱ्या मूठभर पुरुषांपुरती. सर्व प्रौढ नागरिकांना नगरसेवक निवडण्याचा हक्क स्वातंत्र्यानंतर मिळाला. १९८२ ला नाशिकची महानगरपालिका झाली तेव्हा आनंदवल्ली आणि गंगापूर ही दोन्ही गावे तिच्या हद्दीत आली. १७९१ मध्ये पुणेकरांना जो प्रश्न विचारायला जागा नव्हती, तो विचारण्यासाठी आज या दोन गावांतल्या माणसाजवळ नगरसेवकाचे दार आहे, महासभा आहे आणि पाच वर्षांनी एक मत आहे.